कोकणातून खान्देशात बदली: इकडच्या अग्निशमन केंद्राचं वर्ष कसं असतं?

किनाऱ्यावरचा

नमस्कार. नगरपरिषदेच्या अग्निशमन सेवेत आहे. आतापर्यंतची नोकरी रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्राला लागून. आता सप्टेंबरात जळगाव जिल्ह्यात, चोपड्याच्या बाजूला एका छोट्या नगरपरिषदेत हजर व्हायचं आहे.

आमच्याकडे वर्षाची घडी ठरलेली असते. मे-जूनमध्ये वादळ, पडलेली झाडं आणि चेन सॉ. पावसाळाभर दरडी आणि खाडीचं पाणी. १ ऑगस्टला मासेमारी सुरू झाली की जेटीवर डिझेल, गॅस सिलिंडर आणि जाळ्यांच्या आगी. नाताळाच्या सुट्टीत बुडणारे पर्यटक, फेब्रुवारीपासून आंबा-काजूच्या बागांचे वणवे. पाणी शोधावं लागत नाही. खाडीत सक्शन टाकलं की झालं, नंतर गोड्या पाण्याने पंप धुवायचा एवढंच.

तिकडे कापूस, केळी आणि ऊन एवढंच ऐकून आहे. कोणत्या महिन्यात कसल्या वर्द्या (मदतीला बोलावणारे निरोप) येतात? जिनिंगच्या (कापसातून सरकी काढून रुई करणाऱ्या कारखान्याच्या) आगीत नेमकं काय वेगळं? आणि हजर झाल्यावर स्टोअरमध्ये पहिल्यांदा काय तपासू? एक ४५०० लिटरचा बंब, एक छोटी गाडी आणि एक रबरी बोट आहे असं कळलंय.

रुईगाठ

राम राम साहेब. सप्टेंबरात येताय ते बरं, कारण इकडचं खरं वर्ष दसऱ्याला सुरू होतं. पहिल्या वेचणीचा कापूस बाजारात आला की जिन सुरू होतात, आणि तिथून मार्चपर्यंत मोठ्या वर्द्या बहुतेक कापसाच्या. चोपडा, धरणगाव, जामनेर, बोदवड, पलीकडे शिरपूर-शहादा, सगळीकडे जिनिंग-प्रेसिंग आहे.

कापसाची आग दोन तऱ्हेने वागते. उघड्या ढिगावर ती वरच्या वर धावते. तंतू मोकळे, मध्ये भरपूर हवा, त्यामुळे ठिणगी पडली की बघता बघता अख्ख्या ढिगाचा वरचा थर काळा होतो. ही आग दिसायला भयंकर, पण फवाऱ्याने लवकर बसते. दुसरी आग आत शिरते आणि तीच त्रास देते. ज्वाला नाही, फक्त धुराचा बारीक दोरा आणि जळक्या कपड्यासारखा वास. रुईच्या तंतूवर नैसर्गिक मेण असतं, त्यामुळे साधं पाणी आत झिरपत नाही, ओघळून खाली जातं. वरून टाकी रिकामी केली तरी वीतभर आत रुई कोरडी असते आणि धुमसत राहते. म्हणून ढीग फोडावाच लागतो. लोडर बोलवा, पण एका टोकाकडून थोडं थोडं ओढायला लावा. ओढलेला माल मोकळ्या जागेत पातळ पसरून भिजवायचा. लोडरच्या मागे एक ब्रँच (होजच्या टोकाची पाणी मारायची नळी) कायम उभी ठेवा, कारण ढीग फुटला की आतल्या धगीला हवा मिळते आणि लगेच भडका होतो.

सरळ जेट मारू नका. पेटलेली रुई उडते आणि शेजारच्या ढिगावर जाऊन बसते. फवारा, कमी दाब, वारा पाठीवर घेऊन. पहिली ब्रँच जळत्या ढिगावर नेण्यापेक्षा वाऱ्याच्या दिशेला असलेला पुढचा ढीग सांभाळा. मालक चांगला कापूस भिजवू देत नाही आणि त्यात त्याची चूकही नाही, भिजलेल्या मालाचा भाव पडतो. मोठ्या ताडपत्र्या झाकून त्या ओल्या ठेवल्या तर दोघांचंही काम भागतं.

गाठींच्या गोदामात अजून एक भानगड. एक गाठ साधारण १७० किलोची, प्रचंड दाबलेली. पाणी प्यायली की ती फुगते. थप्पी भिंतीला चिकटून असेल तर भिंत बाहेर ढकलली जाते, म्हणून भिंतीपासून दोन फूट जागा सोडायला लावतात. आगीत पट्ट्या तुटल्या की थप्पी कोसळते, तुटलेली पट्टी चाबकासारखी लागते. थप्प्यांच्या मधल्या बोळात माणूस घालू नका. आणि पत्र्याच्या शेडकडे लक्ष असू द्या: छताला धरणारी लोखंडी कैची साडेपाचशे अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावते. कैच्या वाकायला लागल्या की आतून लढणं बंद, दारातून आणि खिडकीतून मारा.

वर्दी आटोपल्यावर गाठी मोजून ताब्यात देताना संशयित गाठी वेगळ्या काढा. आत ठिणगी घेऊन प्रेस झालेली गाठ चार-पाच दिवसांनीसुद्धा पेटते. रुई स्वतःच उष्णता अडवते, त्यामुळे थर्मल कॅमेऱ्यात गाठ थंड दिसली म्हणून ती विझली असं समजू नका. अशा गाठी उघड्यावर, एकमेकींपासून लांब, आठवडाभर तरी ठेवायला लिहून द्या आणि मालकाची सही घ्या.

डीआर_फिटर

वरचं सगळं बरोबर आहे, पण जिनच्या आतल्या बाजूने थोडं सांगतो, कारण बंब येईपर्यंतची पहिली दहा मिनिटं आमची असतात.

प्रत्येक आगीला "विडी" हे कारण लिहिलं जातं. विडी असते, नाही असं नाही. पण यंत्रात लागणाऱ्या आगीचं कारण बहुतेक वेळा कापसातूनच आलेलं असतं: खडा, नट-बोल्ट, विळ्याचा तुकडा, तारेचा तुकडा. तो पंख्याच्या पात्यावर किंवा बीटरवर आपटला की ठिणगी, आणि ती ठिणगी हवेच्या पाइपातून थेट रुईच्या हॉलमध्ये. दुसरं कारण घर्षण. डबल रोलर जिनमध्ये चामड्याचा रोलर स्थिर सुरीवर घासतो. उतारा वाढवायला दाब जास्त दिला की रोलर तापतो, आधी करपल्याचा वास येतो. तिसरं बेअरिंग: ग्रीस संपलेलं आणि वरून रुईची लव गुंडाळलेली.

म्हणून आग दिसली की आधी ओढणारा पंखा बंद. तो चालू राहिला तर एका यंत्रातली आग मिनिटभरात पुढच्या हॉलमध्ये पोचते. बंबवाले आले की पहिली मागणी असते "मेन पाडा". यंत्रांचा मेन जरूर पाडा, पण फायर पंपाची लाइन मेनच्या आधीच वेगळी काढलेली आहे का ते सप्टेंबरातच पाहून ठेवा. कित्येक ठिकाणी ती एकाच पॅनलवर असते. मेन पडला की आगीसाठीचा पाण्याचा नळ, म्हणजे हायड्रंटही मेला.

पाहणीला याल तेव्हा चार गोष्टी बघा. फीडरपाशी लोहचुंबक आणि खडे पडायची पेटी आहे का, आणि ती रोज साफ होते का. आवारावरून ११ केव्हीची तार जाते का आणि तिच्याखाली कापूस टाकलाय का. ट्रॅक्टर थेट ढिगाला लागतात का, सायलेन्सरवर जाळी आहे का. आणि ढिगांच्या मधून बंब जाऊन वळेल अशी सहा मीटर वाट हंगामाच्या भरातही मोकळी राहते का. ऑक्टोबरात राहते. भाव पडला आणि आवक तुंबली की डिसेंबरात तिच्यावरही कापूस येतो.

सरकीचा ढीग विसरू नका. ओली सरकी आपोआप तापते. लोखंडी सळई आत खुपसून दहा मिनिटांनी ओढायची. हात लावता येत नसेल तर ढीग पसरा.

पंपवाला

भाऊ, तुम्ही लिहिलंय ना "खाडीत सक्शन टाकलं की झालं", तिथेच सगळा फरक आहे. इकडे वर्दी घेताना पत्त्यानंतरचा पहिला प्रश्न "पाणी कुठे आहे" हाच.

हिशोब असा. ब्रँचवर ४ ते ५ किलो दाब धरला तर १२ मिमीचं नोझल मिनिटाला दोनशे लिटर काढतं, १५ मिमीचं सव्वातीनशे, २० मिमीचं जवळजवळ सहाशे. ४५०० लिटरची टाकी म्हणजे बावीस मिनिटं, चौदा मिनिटं किंवा साडेसात मिनिटं. पुढचा बंब तालुक्याहून यायला पाऊण तास लागणार असेल तर २० मिमी लावणं म्हणजे आठव्या मिनिटाला हात हलवत उभं राहणं. गावातल्या वर्दीला १२ मिमी किंवा बंद होणारं फॉग नोझल.

सक्शनने पाणी कागदावर दहा मीटर उचलतं, प्रत्यक्षात सात. खान्देशातल्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात त्याच्या कितीतरी खाली. बंबाचा पंप तिथे निरुपयोगी, शेतकऱ्याची मोटार चालवूनच टाकी भरायची, आणि पाच एचपीच्या मोटारीवर पंधरा-वीस मिनिटं तरी जातात. तेही लाइट असेल तर. थ्री फेज पाळीने येते, म्हणून प्रत्येक गावाच्या फीडरची वेळ आणि सबस्टेशनचा नंबर कंट्रोल रूमच्या भिंतीवर हवा. गावोगावच्या पाण्याच्या उंच टाक्या, एमआयडीसीचे हायड्रंट, शेततळी, बारमाही कोल्हापुरी बंधारे यांची वही करा. शेततळं दिसलं की सक्शन टाकायचा मोह होतो, पण प्लास्टिकचा कागद गाळणीला चिकटतो आणि फाटतो. गाळणी टोपलीत ठेवून दोराने लटकती ठेवा, पाण्याखाली दीड फूट तरी, नाहीतर भोवरा होऊन हवा ओढते.

स्टोअरमध्ये आधी सक्शन होजचे वॉशर बघा. ४४-४५ अंशांत रबर वाळून तडकतं, आणि तडकलेल्या वॉशरवर प्रायमर (पंपातली हवा काढणारा) कितीही फिरवा, पाणी चढत नाही. कोरडी व्हॅक्यूम चाचणी घ्या: पाऱ्याच्या ५५ सेंटिमीटरच्या आसपास काटा गेला पाहिजे आणि लगेच पडता कामा नये. पडला तर साबणाच्या पाण्याने जोड शोधा. ६३ मिमीची डिलिव्हरी होज उन्हात ठेवू नका, घडीची बाजू दर महिन्याला बदला. ब्रँच बंद ठेवून पंप चालू सोडायची सवय इकडे चालणार नाही. आतलं पाणी तेच तेच घुसळून तापतं आणि सील जातं. थोडं पाणी टाकीत परत फिरवत राहा.

फेब्रुवारी ते मे चारा. दादरचा (रब्बी ज्वारीचा) कडबा, मक्याची कुट्टी, गव्हाचं काड, पऱ्हाटीचे (कापसाच्या वाळलेल्या झाडांचे) ढीग, केळीचा वाळलेला पाला. बांध पेटवला आणि वारा फिरला एवढंच कारण पुरतं. कडब्याची पेटलेली गंजी वाचवायचा हट्ट नको. शेजारचा गोठा, दुसरी गंजी आणि वरची तार वाचवा. कडबा भरलेला ट्रॅक्टर तारेला लागून पेटला तर आधी महावितरणकडून लाइन बंद झाल्याची खात्री, मग पाणी. तोवर ट्रॉली सोडून ट्रॅक्टर पुढे काढता आला तर काढायला सांगा, पण तार ट्रॉलीवर पडलेली असेल तर कोणीच हात लावायचा नाही. सातपुड्यातले वणवे वन विभागाचे, ते जाळरेषा आणि झाडपाल्याने झोडपून काम करतात, बंब तिथे चढतच नाही. तुमचं काम पायथ्याची वस्ती.

नंदुरबारकडे मदतीला बोलावलं तर मिरचीच्या पथारी (वाळवायच्या मोकळ्या जागा) आणि गोदामं असतात. मिरचीच्या धुरात बीए सेटशिवाय (पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरचा श्वसन संच) दोन मिनिटं उभं राहता येत नाही, ओला रुमाल तिथे काही कामाचा नाही.

तापीकाठ

कापसावर सगळे बोलतात. पण माणसं जातात ती विहिरीत आणि पुरात.

विहीर आधी. उन्हाळ्यात गाळ काढायला, मोटार दुरुस्त करायला लोक उतरतात. आत डिझेल किंवा पेट्रोल इंजिन चालवलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नाही. गाळ ढवळला तर हायड्रोजन सल्फाइड. त्याला सडक्या अंड्यांचा वास असतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. एक माणूस आडवा होतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. तुम्ही पोहोचाल तेव्हा गर्दी चौथ्याला उतरवायच्या तयारीत असते, ते आधी थांबवा. कंदील सोडून बघायची पद्धत सोडून द्या. कंदील ऑक्सिजन कमी असल्याचं सांगतो, कार्बन मोनॉक्साइडचं काहीच सांगत नाही. गॅस मीटर दोराने खाली सोडा. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल किंवा विषारी वायूचा अलार्म वाजला तर बीए सेटशिवाय कोणी उतरायचं नाही. मीटर नसेल तर वायू आहे असंच धरून चाला. ब्लोअरने ताजी हवा तळापर्यंत पाइपाने सोडा, नुसती काठावरून नको.

सेटचा हिशोब: ६ लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरलेला म्हणजे १८०० लिटर हवा. मेहनतीच्या कामात मिनिटाला ४० लिटर धरले तर ४५ मिनिटं, हवा संपत आल्याची शिटी वाजल्यानंतरची दहा वजा केली की हातात ३५. त्यात उतरणं आणि चढणंही आलं. जवळचा कॉम्प्रेसर कुठे आहे ते विचारून ठेवा, छोट्या केंद्रावर तो नसतो आणि रिकामे सिलिंडर तसेच रॅकवर चढवलेले असतात. हजर झाल्या दिवशी प्रत्येकाचा काटा बघा. ट्रायपॉड, हार्नेस आणि दोन स्वतंत्र दोर ही मागणी पहिल्याच बजेटला टाका. बिबट्या पडला असेल तर ते वन विभागाचं काम, तुम्ही फक्त गर्दी मागे घ्या आणि दिवे द्या.

पूर. इकडे पाऊस नसताना तापी भरते, हे कोकणातल्या माणसाला आधी पटत नाही. पाऊस पडतो बऱ्हाणपूरकडे, मेळघाटात, पूर्णेच्या खोऱ्यात. पाणी येतं हतनूरला. भुसावळजवळच्या त्या धरणाला ४१ दरवाजे आहेत, त्यातले किती आणि किती मीटर उघडले हा निरोप खालच्या गावांसाठी पावसापेक्षा महत्त्वाचा. अनेर, गिरणा, पांझरा आपापलं पाणी वेगळं आणतात. धुळ्याला पांझरेवर अक्कलपाड्याचा विसर्ग बघतात, खाली सारंगखेडा आणि प्रकाशाचे बॅरेज. १ जूनपासून नियंत्रण कक्ष चालू असतो, तहसीलच्या ग्रुपमध्ये तुमचा नंबर आहे का बघा. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्यालाच आहे, पण ती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत येते, वेळ धरून मागा.

बोट तुम्हाला येते, पण नदीत तीन गोष्टी वेगळ्या. प्रवाह एकाच दिशेचा आणि ओहोटी नाही, म्हणून अडकलेल्या माणसाकडे खालच्या बाजूने, नाक प्रवाहाकडे ठेवून जा. काठावर सगळीकडे काटेरी बाभूळ, ती पाण्याखाली गेली की रबरी बोट फाडते. पॅच किट आणि जादा वल्ही बोटीतच. आणि पुराबरोबर केळीची खोडं, पऱ्हाटी वाहून येते, पंख्यात गुंतते. पुढे एक माणूस बांबू घेऊन नुसता हेच बघायला बसवा. मोटार टू-स्ट्रोक असेल तर लिटरला २० मिलि ऑइल, मिश्रण मागच्या वर्षीचं वापरू नका.

गणपती विसर्जनाला तापीच्या पुलांवर आणि तलावांवर ड्युटी असतेच. लाइफ जॅकेट, गळ, दोर, प्रकाश. त्यात नवीन काही नाही.

किनाऱ्यावरचा

सगळ्यांचे आभार, वही भरली. दोन शंका. रुईत पाणी झिरपत नाही म्हणालात, त्यावर फोम घालता का? आणि दिवाळी व बी फॉर्मचं काम किती अंगावर येतं?

रुईगाठ

दिवाळीचं आधी सांगतो. फटाका दुकानांचे शेड न जळणाऱ्या साहित्याचे, दोन शेडमध्ये किमान ३ मीटर, समोरासमोर तोंड नको, एका ठिकाणी ५० पेक्षा जास्त नकोत, संरक्षित बांधकामापासून ५० मीटर. नियमात सगळं स्पष्ट आहे, भांडण फक्त कापडी मांडवावरून होतं. कापडी मांडव मान्य करू नका. त्याच दिवसांत जिन भरलेले असतात हे लक्षात ठेवून बंब फटाका बाजारात अडकवू नका, तिथे छोटी गाडी उभी करा.

बी फॉर्म जानेवारी आणि जुलैत. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक अधिनियमाप्रमाणे मालकाने परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यायचा. जुलैला जिन बंद असतात, दाखला कागदावर येतो आणि हायड्रंटचा व्हॉल्व्ह ऑक्टोबरात गंजून बसलेला सापडतो. म्हणून जुलैच्या दाखल्यावर समाधान न मानता हंगामाआधी स्वतः जाऊन एक होज लावून पाणी सोडून बघा.

एप्रिलच्या अग्निशमन सप्ताहात शाळांपेक्षा जिनवर कार्यक्रम ठेवा, हंगाम संपत आलेला असतो आणि माणसं भेटतात. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये स्फोट झालेल्या फोर्ट स्टिकिन जहाजात दारूगोळ्याबरोबर कापसाच्या गाठी होत्या, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. सप्ताह ज्यावरून पाळतात ती आग गाठींच्या खणात धुमसत होती हे सांगितलं की हमाल आणि फिटर कान देऊन ऐकतात.

पंपवाला

फोमबद्दल. इथे तेलावर थर द्यायचा नाहीये, पाण्याचा पृष्ठताण मोडायचा आहे, म्हणून प्रमाण फारच कमी. ए वर्गाचा फोम असेल तर ०.२ ते ०.३ टक्के, म्हणजे ४५०० लिटरला ९ ते साडेतेरा लिटर. तो नसेल तर एएफएफएफ (तेलाच्या आगीचा फोम) त्याच प्रमाणात चालतो, महाग पडतो इतकंच. काहीच नसेल तर भांड्यांचं लिक्विड पाच लिटर. पावडर नको, विरघळत नाही आणि गाळणीत बसते.

घालायचं टाकी भरून झाल्यावर, शेवटी. आधी घालून वरून पाणी सोडलं तर फेस झाकणातून बाहेर येतो आणि पातळीची नळी टाकी भरल्याचं खोटं दाखवते. फेसाने पंप हवाही पकडतो, म्हणून परत फिरवायचा व्हॉल्व्ह त्या वेळी बंद ठेवा आणि ब्रँच थोडी उघडी. मिश्रण ढीग फोडताना वापरा, वरच्या ज्वालेला साधं पाणी पुरतं. परत आल्यावर टाकी आणि पंप दोन वेळा साध्या पाण्याने धुऊन, सगळ्या डिलिव्हरी उघड्या ठेवून निथळू द्या. होजही तशाच धुवायच्या. इकडचं बोअरचं पाणी जड आहे, साबणाबरोबर त्याचा चिकट थर नोझलच्या जाळीत बसतो, तेवढी जाळी काढून ब्रशने घासा.